मस्के सरांचा उतारा

मस्के सर पेपर तपासायला बसले की स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. कारण ते पेपर तपासायचे नाहीत, पेपरांशी भांडायचे. "अगं, हे कुठं विचारलंय तुला?" "तू काय लिवलंस ते तुला तरी कळलंय का?" ही बोलणी ज्या पोरीशी चाललेली असायची, ती त्या वेळी आपल्या घरी भाकरी थापत असायची. एकेका उत्तराला त्यांना दोन-दोन मिनिटं लागत. आम्ही बाकीचे तेवढ्यात अख्खा पेपर हातावेगळा करून चहाला निघालेलो असायचो. सहामाहीचे गठ्ठे सगळ्यांचे वेळेत जमा व्हायचे आणि सरांच्या गठ्ठ्यासाठी प्राचार्य शिपायाला तीनदा पाठवायचे.

आमचं ज्युनिअर कॉलेज बीडहून निघालं की पालीच्या पुढे, मांजरसुंब्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणारे आम्ही दोघंच. सर मूळचे चकलांब्याचे आणि माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठे. उंच, खांद्यातून किंचित वाकलेले, खिशात लाल पेनाऐवजी शिसपेन्सिल. मार्क आधी पेन्सिलीने द्यायचे, गठ्ठा संपला की पुन्हा पहिल्यापासून बघायचे आणि मगच शाई लावायची, ही त्यांची पद्धत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तपासणाऱ्याचंही चुकतं की. मी बी.एड. केलं, एवढी वर्षं नोकरी केली, पण तपासणाऱ्याचं चुकतं हे वाक्य मला त्याआधी कुणीच ऐकवलं नव्हतं.

सरांचं सगळं भांडण एका गोष्टीशी होतं, ती आधी सांगायला हवी. इंग्रजीच्या पेपरात एक न पाहिलेला उतारा असतो. पोरांनी तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. वाचलेलं कळतंय का, एवढंच त्यात बघायचं असतं. त्यावर आमच्या भागात एक तोड निघालेली आहे. पोरं तिला 'फुलस्टॉप टू फुलस्टॉप' म्हणतात. प्रश्नातला एखादा ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात हुडकायचा, सापडला की मागच्या फुलस्टॉपपासून पुढच्या फुलस्टॉपपर्यंतची ओळ जशीच्या तशी उचलून उत्तराच्या जागी ठेवायची. अर्थ कळायची गरजच नाही. क्लासवाले हे पहिल्या दिवशी शिकवतात. खोटं कशाला बोलू, मीही शिकवायचो. तपासताना ती ओळ दिसली की आम्ही डोळे झाकून मार्क देतो, आणि आमच्या कॉलेजचा इंग्रजीचा निकाल त्याच ओळींवर उभा होता.

मी नवा असताना एका बैठकीत प्राचार्य म्हणाले की आपल्या पोरांचं बाकी काही असो, उतारा मात्र छान जमतो. मस्के सर उठले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'ढुमकी चिंबली तेव्हा गरप्याने लुसका भिरकावला.' मग वळून त्यांनी विचारलं, "सर, लुसका कुणी भिरकावला?"

"गरप्याने," प्राचार्य म्हणाले.

"कधी?"

"ढुमकी चिंबली तेव्हा."

"चारपैकी चार. आता सांगा, काय झालं?"

आम्ही सगळे हसलो. प्राचार्यही हसले, पण जरा उशिरा. त्यानंतर बैठकीत मस्के सर बसलेले असले की ते फळा आधीच पुसून घ्यायचे, आणि खडू कपाटात ठेवायचे.

"वाचलं का बघितलं?" हा सरांचा कायमचा प्रश्न. पोरांनी त्यावरून त्यांना नावही ठेवलं होतं. वर्गात तर ते विचारायचेच, पण बाहेरही सोडायचे नाहीत. एसटीच्या पाटीवर काय लिहिलंय हे न बघता गाडीत चढणाऱ्याला विचारायचे. फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन निघालेल्या गाववाल्याला रस्त्यात थांबवून, त्यावरचा बारीक मजकूर स्वतः मोठ्यानं वाचून, त्याचं मराठी करून द्यायचे. एकदा मी स्टाफरूममध्ये ओरडून सांगितलं की उद्या तालुक्याला ट्रेनिंग आहे, सगळ्यांना जायचंय. सरांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, शांतपणे वाचला आणि तोच प्रश्न मला विचारला. ट्रेनिंग पुढच्या महिन्याच्या त्या तारखेला होतं. एक आख्खी जीप ठरवून झाली होती, ती मला फोन करून रद्द करावी लागली.

एवढं हे वाचण्याचं खूळ कुठून आलं, असं मी त्यांना एकदा विचारलं. मला वाटलं होतं लहानपणीची काहीतरी गोष्ट निघेल. म्हणाले, "पगार त्याचाच घेतो न मी?" बाकी गोष्ट असेलही, पण त्यांनी ती मला सांगितली नाही.

उतारे ते स्वतः तयार करायचे. गाईडमधले त्यांना चालत नसत. बिंदुसरा धरण भरल्यावर सोडायच्या पाण्याची सूचना, ढाब्यावर विसरलेली एखाद्याची बॅग, सीताफळं विकणाऱ्या दोन बायकांचं भांडण, असले विषय सोप्या इंग्रजीत लिहून आणायचे. एका सराव परीक्षेला त्यांनी जो उतारा घातला त्याची गोष्ट अशी : गावातले सगळे म्हणत की नव्या विहिरीचं पाणी गोड आहे. तुकाराम ते एक दिवस प्याला आणि तीन दिवस आजारी पडला. चौथ्या दिवसापासून त्याची बायको लांबच्या हापशावरून पाणी आणू लागली. खाली प्रश्न, नव्या विहिरीचं पाणी कसं होतं? बारावीच्या वर्गात साठच्या वर पोरं. चार जणांनी 'वाईट' लिहिलं. बाकी सगळ्यांनी 'विहीर' हा शब्द हुडकला आणि 'पाणी गोड आहे' ही ओळ उचलून ठेवली. सरांनी त्या सगळ्यांना शून्य दिलं. पुढचे प्रश्नही तसेच होते. निम्मा वर्ग नापास.

दुसऱ्या दिवशी पालक आले. तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त निकाल पाहिजे होता, आणि निकाल खाली गेला की पोरं शेजारच्या कॉलेजला जातात हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं सरांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "सर, पोरांला पाणी गोड लिहू द्या की. तुमचं काय जातंय?"

सर म्हणाले, "माझं काय जात न्हाई, आण्णा. पाणी त्यांला प्यायचंय."

आण्णाला ते उत्तर कळलं असावं, कारण त्यानं चहा अर्धा सोडला. सराव परीक्षेचे मार्क वरून बदलले गेले. ती यादी टाइप करून मीच दिली. सरांनी ती नोटीस बोर्डावर उभ्या उभ्या सगळी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वर्गावर गेले.

'वाईट' लिहिणाऱ्या त्या चौघांत एक प्रतीक्षा होती. तिचे वडील भागवत मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर आचारी. पोरगी बुटकी, शांत, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारी. स्पेलिंगच्या नावानं बोंब. व्याकरण त्याहून वाईट. निबंध लिहायला घेतला की चार ओळींत संपायचा. पण वाचलेलं तिला कळायचं. तिच्या वडिलांनी ढाब्यावरून आणलेल्या पुड्यांवरचं, डब्यांवरचं इंग्रजी ती वाचत बसायची आणि अडलं की सरांकडे यायची. सरांचं तिच्यावर फार लक्ष होतं. त्यांनी भागवतला एकदा बोलावून मुद्दाम सांगितलं होतं की पोरीचं डोकं चांगलं आहे, शिकव. भागवतनं कबूल केलं होतं की इंग्रजीसकट बारावी पास झाली तर तिला बीडला नर्सिंगला घालतो. घरी पाहुण्यांची ये-जा सुरू झालीच होती, पण सरांच्या शब्दावर त्यानं एक वर्ष थांबवलं होतं.

बारावीला इंग्रजीचे वीस मार्क तोंडीचे असतात, ते कॉलेजनं द्यायचे. मी माझ्या तुकडीत सगळ्यांना अठरा-एकोणीस लिहायचो. परीक्षा घेतो असं म्हणायचं, नाव विचारायचं आणि लिहायचं. सर खरंच तोंडी घ्यायचे. प्रतीक्षा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि दोन वाक्यं अडखळत बोलून थांबली. सरांनी नऊ दिले. मी त्यांना म्हणालो, सर, अठरा लिहून टाका, कोण बघायला येतंय. ते म्हणाले, अठराचं ती बोलली नाही. मी म्हणालो, लेखीत गडबड झाली तर? त्यांना हसू आलं. लेखीत उतारा आहे की, म्हणाले. उताऱ्यात ती कुणाला ऐकायची नाही.

निकाल लागला. प्रतीक्षाला इंग्रजीत बत्तीस. पासाला पस्तीस लागतात.

सरांनी स्वतः अर्ज भरून तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी थेट उताऱ्याचं पान काढलं. त्या वर्षीचा उतारा डोंगर चढणाऱ्या दोन मित्रांवर होता. शिखर जवळ आलेलं असताना एकजण थांबतो आणि म्हणतो, हवा बिघडते आहे, आपण परत फिरू. दुसरा मित्र तोवर धापा टाकत मागं पडलेला असतो. आकाश निळंभोर असतं, असंही उताऱ्यात पुढे एका जागी येतं. प्रश्न होता, तो परत का फिरला? प्रतीक्षानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की हवा खराब आहे असं तो म्हणाला, पण ते खोटं आहे. मित्र दमला होता. मित्राला लाज वाटू नये म्हणून तो तसं म्हणाला.

त्यावर तपासणाऱ्यानं लाल रेघ मारून शून्य दिलं होतं. खालच्या दोन उत्तरांचंही तेच.

सरांनी ते उत्तर एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. मग पान माझ्यासमोर सरकवलं. "तू बोर्डाचे पेपर तपासतोस न दरवर्षी? तुझ्या गठ्ठ्यात हा पेपर आला असता तर तू काय दिलं असतंस?"

मला काहीही सांगता आलं असतं. तपासणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत स्वतःच्या शब्दांतलं उत्तरही धरावं असं छापलेलं असतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण समोर गठ्ठ्यांवर गठ्ठे असतात, नमुना उत्तर डोळ्यासमोर असतं, आणि डोळा फक्त ती ओळ हुडकत असतो. ओळ नाही, मार्क नाही. पोरं जे करतात तेच आम्ही करतो.

"शून्य, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला त्या दिवशी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, पण मी पेपर तपासणं सोडलं असं मात्र समजू नका. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, आणि पुन्हा तसेच तपासले.

फेरतपासणीचा अर्ज केला, त्यात काही बदल झाला नाही. दरम्यान भागवत कॉलेजात आला. ढाब्यावरून थेट आला होता, बाह्यांना पीठ लागलेलं. तो भांडायला आला नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. म्हणाला, "सर, पोरीचं डोकं चांगलं हाय म्हणलते न तुमी? मग नापास कावून झाली?"

मस्के सर उत्तर काय देणार? तिला कळलं म्हणून ती नापास झाली, हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय ते नऊ मार्क त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले होते आणि फेरपरीक्षेलाही तेच धरले जाणार होते. भागवतच मग म्हणाला की जुलैला एकदा बसवतो. एकदाच. पाहुणे थांबलेत, त्यांना किती दिवस थांबवू.

जून महिनाभर सर प्रतीक्षाला घेऊन लायब्ररीच्या खोलीत बसायचे. पहिले दोन-तीन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मला वाटलं, व्याकरण घोटवून घेत असतील, निबंध करून घेत असतील. ते सगळं त्यांनी करून पाहिलंही, पण महिन्याभरात काय होणार? तीन मार्क पाहिजे होते आणि ते एकाच ठिकाणी सहज मिळण्यासारखे होते. चौथ्या दिवशी मी एक रजिस्टर आणायला गेलो तेव्हा सरांनी तिच्यासमोर गाईडमधला उतारा ठेवला होता. उताऱ्यावर पुठ्ठा ठेवून ते एकेक ओळच उघडी करत होते.

"शब्द सांग. प्रश्नातला."

तिनं सांगितला.

"आता तो हुडक. सापडला? ती ओळ लिही. मागच्या फुलस्टॉपपासून."

ती लिहीत नव्हती. पुठ्ठा बाजूला करून तिनं खालच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "पण सर, हा माणूस इथं खोटं बोलायलाय. खाली बघा न."

"बोलू दे."

"मग ते उत्तर कसं व्हईल?"

"प्रतीक्षा," सर म्हणाले, "वाचू नको. नुसतं हुडक."

मी रजिस्टर न घेताच परत आलो. तीसेक वर्षं ज्या माणसानं सगळ्या गावाला वाचायला लावलं, तो त्याच्या सगळ्यात पक्कं वाचणाऱ्या पोरीला वाचू नको म्हणून सांगत होता. आणि तो चूक करत होता असंही मला म्हणता येत नव्हतं, याचाच जास्त संताप आला. आण्णाला शिव्या द्याव्यात, तर आण्णानं कधी कुणाचा पेपर तपासला नाही. तपासणारे आम्ही होतो.

ती हट्टी पोर होती. सुरुवातीला रोज वाद व्हायचा, मी व्हरांड्यातून ऐकायचो. डोळा चुकवून ती खाली वाचून घ्यायची आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची. सर ते खोडायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. हळूहळू वाद कमी झाले. महिनाअखेरीला सर घड्याळ लावून बसायला लागले. पाच मिनिटांत पाची उत्तरं, एकही शब्द स्वतःचा नाही. मी आत डोकावलो तर मला म्हणाले, बघ, आता हिचा हात बसला. त्यांच्या आवाजात कुठं टोमणा आहे का ते मी शोधलं. नव्हता.

जुलैची परीक्षा झाली, निकाल आला. प्रतीक्षा एक्केचाळीस मार्कांनी पास.

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन आली. भागवत बाहेर मोटरसायकलवर थांबला होता, त्यांना तसंच बीडला नर्सिंगच्या प्रवेशाचं बघायला जायचं होतं. तिनं आधी सरांच्या पाया पडून मग पेढ्यांचा पुडा पुढे केला. अंगावर नवा ड्रेस होता आणि ती इतकी खूश होती की तिच्याकडे बघून कुणालाही बरं वाटलं असतं. मलाही वाटलं. सरांनी एक पेढा उचलला आणि सहज विचारलं, "उतारा कशावर होता गं?"

प्रतीक्षानं आठवून पाहिलं. मग हसली.

"काय की, सर. वाचलाच न्हाई मी. तुमी सांगितलं तसं केलं, हुडकलं अन् उचललं. लई सोपं हाय ते. मी आधी उगंच वाचत बसायचे."

सर मग पाठीवर हात ठेवून "शाब्बास" म्हणाले. ती मला पेढा देऊन, ऑफिसात पुडा फिरवून, पळतच बापाकडे गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

घंटा झाली. सरांचा बारावीवर तास होता. पेढा तसाच हातात धरून ते खुर्चीत बसलेले, उठेनात. शिपाई दोनदा दारात येऊन गेला. शेवटी मीच त्यांच्या वर्गावर गेलो.